वारस दोन

बेलापूरला कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
टायपिस्ट विचारतो, मयताचे वारस किती?
हर्षद म्हणतो, दोन.
प्रांजलताई पर्सची चेन लावते, उघडते, परत लावते.
आणि ह्या?
आतेबहीण.

खोटं नाही बोलला तो.
माझ्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात आतेचं नाव आहे,
बापाच्या रकान्यात तिच्या नवऱ्याचं.
शिक्का गोल, जांभळा, पालिकेचा.

गोठिवलीचा आमचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला
तेव्हा बाबांनी बॅनर आधी छापले, आईला मागून सांगितलं.
नियम दोन मुलांचा. घरात आम्ही तीन,
हर्षद अजून पाळण्यात.
रात्री जेवणं आटोपल्यावर माणसं बसली म्हणे ओटीवर,
एकाला कमी करायचं होतं.
मुलगा कमी करावा असं कुणाच्या मनातही आलं नसणार.
ताईचं नाव शाळेच्या पटावर चढलेलं.
मी घरीच झालेली, सुईणीच्या हातची,
कुठल्याच वहीत अजून न उतरलेली.
मीच सगळ्यात सोपी होते.

कागदावर गो बाय, आई म्हणाली, नुसती कागदावर.
घरान तू माझीच.

पण समोरच्या उमेदवाराचा दीर
आमच्या वळणीवरचे कपडे मोजून जायचा.
मग माझे फ्रॉक आतेच्या दारात वाळायला लागले,
आणि फ्रॉकामागून मी.
दोन गल्ल्या फक्त. मधे एक विहीर आणि जाळी विणायचा ओटा.
रात्री आई मागल्या दाराने यायची,
पदराआड वाटी, वाटीत कोलंबीचं सुकं,
मी खाईपर्यंत बसायची, वाटी धुवून घेऊन जायची.
ओळखीची वाटी आतेच्या घरात दिसायला नको.

शिलाई मशीन निशाणी होती. एकशे अकरा मतांनी आली.

तिने काम केलं, हे मी सांगायलाच हवं.
टाकीचं पाणी वरच्या आळीला तिच्यामुळे चढलं,
बालवाडीला छप्पर आलं, गटारं झाकली.
आरोग्य केंद्राच्या लाल त्रिकोणाखाली उभी राहून
लहान कुटुंबावर भाषणही केलं.
मी आतेच्या मांडीवर, तिसऱ्या रांगेत.
माझ्याकडे बघून अडखळली असेल,
असं मला बरीच वर्षं वाटायचं.
आते म्हणते, नाय, कागद बघून वाचत होती.

आतेला मूल नव्हतं.
तिने मला कागदावरची म्हणून कधीच वाढवलं नाही,
माझ्या कांजिण्यांत सात रात्री जागली.
आईच्या तक्रारी मी आतेकडे करायचे
आणि आतेच्या कुणाकडेच नाही.

पाच वर्षांनी प्रभाग खुला झाला,
आई घरी बसली.
तेव्हा मला परत न्यायचं, असं ठरलं होतं म्हणे.
पण शाळेत मी मढवी झाले होते,
जातीच्या दाखल्यावर मढवी, रेशनकार्डावर मढवी,
आणि बाबा म्हणाले, आता उकरून काढलं तर
खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून केस होईल.

साडेबारा टक्क्यांतला भूखंड आईच्या नावावर आहे.
बिल्डर सात मजले चढवणार, आम्हाला चार फ्लॅट,
म्हणजे त्यांना चार.
आतेचा भूखंड मात्र काकांच्या आजारपणात,
रोड व्हायच्या आधीच गेला, मातीच्या भावात.
ताई म्हणाली, एक वन बीएचके तुला देऊ गो, आपसात.
आपसात म्हणजे कागदावर नाही.
कागद आणि घर यांच्या मधली ती जागा
मला पाठ आहे. दोन गल्ल्या, एक विहीर.

एक साक्षीदार कमी पडतोय, टायपिस्ट म्हणतो,
मयताला चांगलं ओळखणारं कुणी?
हर्षद खाली बघतो. आधार कार्ड मीच पुढे करते.

मयतास आपण किती वर्षांपासून ओळखता?
जन्मापासून, मी म्हणते.
त्याची बोटं थांबतात.
कुणाच्या?
माझ्या.
तो माझी जन्मतारीख बघतो, आकडेमोड करतो,
टाइप करतो: बावीस वर्षांपासून.
सदर मयतास दोन अपत्ये असून
याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही,
हे मला माहीत आहे.

इथे सही, तो म्हणतो. पूर्ण नाव लिहा.